पाणी बिघडलंय, पाहुणे मात्र निघालेत

नाशिकच्या धरणांवर हौशी मंडळींना होडीतून गळाच्या मासेमारीला नेणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली आहेत. सगळ्यांचा सूर एकच: बुकिंग झालंय आणि पाण्याची तब्येत ठीक नाही. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत. सगळ्यांनाच लागू अशी एक गोष्ट आधी सांगतो. धरणात मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी आणि होडीसाठी जलसंपदा विभागाची परवानगी हातात नसेल, तर पाणी कसं आहे हा प्रश्न नंतरचा.

प्रश्न : त्र्यंबककडे दोन दिवस धो-धो पाऊस झाला. गंगापूरचं बॅकवॉटर चहासारखं झालंय. रविवारी चार जणांचं बुकिंग आहे. रद्द करावं का? (गंगापूर रोड)

नुसतं बघून ठरवू नका, मोजा. गढूळपणा मोजायची तबकडी घरी तासाभरात होते. २० सेंटिमीटर व्यासाची ॲक्रिलिकची किंवा पत्र्याची गोल चकती घ्या. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली अर्धा ते एक किलो वजन बांधा. दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करायची, पण दोरी आधी भिजवून, ताणून मगच. कोरड्या दोरीवरच्या खुणा पाण्यात चुकतात.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून चकती सोडा. दिसेनाशी झाली तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी घ्या. ढोबळ हिशेब असा: ६० सेंटिमीटरच्या वर असेल तर नेहमीसारखं चालू द्या. ३० ते ६० मध्ये चकाकणारी कृत्रिम आमिषं जेमतेम चालतात. १५ ते ३० मध्ये फक्त वासाची आमिषं. १५ च्या खाली गेलं तर पाहुण्यांना फोन करा.

दोन दिवसांत निवळेल का, हे गाळ कसला आहे त्यावर ठरतं. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक रेतीसारखा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पाऊण तासही घेत नाही. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण मात्र तेवढ्याच अंतराला जवळपास तीन दिवस घेतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाणी निम्मं निवळलं तरी पुढचं निम्मं रखडतं. एका ग्लासात पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला थर बसून वर पाणी स्वच्छ दिसलं तर रविवार जमेल. ग्लास तसाच दुधाळ राहिला तर धरणही तसंच राहणार.

वाराही बघा. पावसाळ्यात तो मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या काठावर लाटा आपटून बसलेला गाळ पुन्हा उठतो. आडोशाच्या पश्चिम काठाला, टेकडीच्या कुशीतल्या खाचेत, तबकडी बरेचदा दुप्पट खोल दिसते. एकाच धरणात तीन ठिकाणी मोजा आणि मग कुठे जायचं ते ठरवा.

आता पाण्यावर दिसणाऱ्या काडीकचऱ्याच्या रेषेबद्दल. नदीतून येणारं पाणी धरणातल्या वरच्या उबदार पाण्यापेक्षा थंड आणि गाळाने जड असतं. ते धरणात शिरल्यावर थोड्याच अंतरात खाली बुडी मारतं आणि तळालगत सरकत जातं. जिथे बुडी मारतं तिथे काडीकचरा आणि फेसाची ओळ जमलेली दिसते. त्या ओळीच्या पुढे वरचं पाणी स्वच्छ असलं तरी खाली गढूळ असू शकतं. तिथे दहा मीटर खोल गळ टाकून बसणारा गाईड फुकट दिवस घालवतो. ओळीच्या स्वच्छ बाजूला, काठाजवळ, दीड-दोन मीटर पाण्यात बसा.

अशा पाण्यात कटल्याच्या मागे लागू नका. तो वरच्या थरातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो. शिंगाडा मासा मिशांनी चाचपून आणि वासावर खातो, मृगळ तळ चिवडतो, त्यामुळे गढूळपणाचं त्यांना फारसं काही वाटत नाही. मांडणी अशी ठेवा: ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), त्यावर मोकळं सरकणारं ३० ते ४० ग्रॅमचं शिसं, मग फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि पुढे १५-२० सेंटिमीटरचा तुकडा बांधून ४ किंवा ६ नंबरचा गळ. शिंगाड्याला गांडुळांचा झुबका लावा. रोहू-मृगळाला कणकेचा घट्ट गोळा: एक वाटी कणीक, अर्धी वाटी भाजलेलं बेसन, दोन चमचे भाजून कुटलेली तिळाची पेंड, चिमूटभर हिंग. पाणी कमी घाला. सैल गोळा गाळात दहा मिनिटांत विरतो आणि पाहुणा रिकाम्या गळाकडे बघत बसतो. दर पंधरा मिनिटांनी आमिष बदला, नवं आमिष ताजा वास सोडतं.

काठावर पेंड टाकायची सवय मात्र आवरा. गढूळ पाण्यात मासा लांबून बघून येत नाही, त्यामुळे पाच किलो पेंड पसरून उपयोग नाही. लिंबाएवढे आठ-दहा गोळे एकाच जागी पुरतात. शिवाय गंगापूरचं पाणी नाशिककर पितात, हे विसरायचं नाही.

प्रश्न : पाणी हिरवंगार आहे, पहाटे मासे वर तोंड काढून पाणी चोखताना दिसतात. पाहुणे खूश, पण गळाला काहीच लागत नाही. (दिंडोरी)

मासे भुकेने वर आलेले नाहीत, त्यांचा श्वास कोंडतोय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं, म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो. दोन-तीन दिवस सलग ढगाळ गेले की दिवसाची कमाई बुडते आणि पहाटेचा खड्डा आणखी खोल होतो.

आकडे बघा. ३० अंश तापमानाला पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू विरघळतो, आणि तोही समुद्रसपाटीला. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे साताच्या आसपासच. रोहू-कटल्याला निर्धास्त खायला पाचाच्या वर लागतो. तीनच्या खाली मासा खाणं सोडतो आणि एकच्या जवळ मरायला लागतो. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची चाचणीपेटी मिळते. ती पहाटे पाचला वापरा, दुपारच्या आकड्याने फसाल.

अशा दिवशी ट्रिप पहाटेची न ठेवता दुपारी दोननंतरची ठेवा. पकडून सोडण्याचा खेळ पूर्ण बंद. थकलेला मासा आधीच कमी असलेल्या प्राणवायूत सावरत नाही, तुमच्या डोळ्यांसमोर पोहत जातो आणि तासाभराने उताणा होतो. मरळ मात्र हवेतूनही श्वास घेतो, त्याला हे पाणी चालतं. पाणवेलीच्या कडेला रबरी बेडूक संथ ओढत आणा. एकच पथ्य: केशरी-लाल पिल्लांचा झुंबाडा पाण्याच्या वर खळबळत दिसला तर तिथे गळ टाकायचा नाही. खाली राखणीला बसलेला मरळ रागाने झेपावतो, लागतोही पटकन, पण तो गेला की पिल्लं दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

हिरव्या रंगाची साय पाण्यावर ऑइलपेंटसारखी दाटली असेल तर वारा जिकडून येतो त्या काठाला जा. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. अशा पाण्यात हात-तोंड धुऊ देऊ नका, पाहुण्यांचा कुत्रा असेल तर तो होडीतच बांधा. अशा जागचा मासा खायला न्यायचाच नाही.

प्रश्न : दारणा आणि गंगापूरखाली नदीत उभं राहून गळ टाकायला लोक मागणी करतात. विसर्ग सुरू असताना कितपत धोका? (नाशिकरोड)

विसर्ग सुरू असताना पाण्यात उभंच राहायचं नाही. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात पाहुणा न्यायचाच नाही, हे सोपं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. हजार क्युसेक वाढवले म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, त्यामुळे खडकावर उभ्या माणसाला सुरुवातीला काही कळत नाही. कळतं तेव्हा त्याच्या आणि काठाच्या मध्ये पाणी आलेलं असतं. रामकुंडापाशी गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजायची नाशिककरांची रीत आहे, पण ती शहरातल्या काठावरून बघणाऱ्यांसाठी. नदीत उभ्या माणसाला सायरन आणि जलसंपदा विभागाची सकाळची विसर्गाची बातमी, एवढंच.

सिंचनाच्या आवर्तनात धरणाची पातळी उतरते, तो प्रकार वेगळा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला खुणा केलेली काठी रोवा. सकाळी पाणी खाली सरकलं असेल तर उथळ काठ सोडा, पुढच्या पहिल्या उतारावर बसा. पाणी चढलं असेल तर नव्याने बुडालेल्या गवतात आणि शेताच्या बांधावर गुडघ्याएवढ्या पाण्यात मासा येतो, तिथे किडे-गांडुळं आयती मिळतात. उतरत्या पाण्यात बुडीत क्षेत्रातल्या जुन्या विहिरीचे कठडे आणि झाडांचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली असतात. होडी वेगाने हाकू नका, पुढे एक माणूस बांबू घेऊन बसवा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही.

प्रश्न : गाळाच्या पाण्यात इंजिन तापतं, पाणवेल पंख्यात अडकते. (निफाड)

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवा. धार बारीक झाली किंवा वाफाळली की लगेच बंद करा. "एवढं काठापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्यांची इंजिनं जाम होतात. इंजिन वर उचला, खालच्या पायावरची पाणी ओढायची जाळी साफ करा, धारेच्या भोकात बारीक तार फिरवा. तरी धार सुधारली नाही तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र) झिजलाय. स्वच्छ पाण्यात तो वर्षभर टिकतो, गाळात त्याच्या पात्या लवकर गोल होतात. पावसाळा संपला की बदलून टाका आणि जुना सुटा म्हणून ठेवा.

पाणवेल हाताने काढण्याआधी इंजिन बंद करून चावी किंवा सुरक्षा दोरी काढा. पाहुण्यांचा तुटलेला तंगूस याहून वाईट. तो पंख्यामागे दांड्यावर गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. गिअर ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय. महिन्यातून एकदा पंखा उतरवून मागे बघा. सुटी शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटून इंजिन वाचवणारी खीळ) आणि पक्कड होडीतच हवी. परत आल्यावर पंखा काढून इंजिनाचा पाय स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवा आणि दहा मिनिटं हळू गतीवर चालवा, म्हणजे आतल्या वाटांमधला गाळ निघतो.

प्रश्न : रद्द केलं तर पैसे परत द्यायचे का? (इंदिरानगर)

पाणी बिघडलं म्हणून तुम्ही रद्द केलंत तर पूर्ण द्या किंवा दुसरी तारीख द्या, निवड पाहुण्याची. बुकिंग घेतानाच तबकडीचा आकडा लिहून कळवा: "१५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ट्रिप नाही." आदल्या दिवशी त्याच जागी बुडवलेल्या तबकडीचा फोटो पाठवा. वाद तिथेच मिटतो. मासा लागेलच अशी हमी कधीही देऊ नका.

प्रश्न : पाहुण्यांना मासा घरी न्यायचा असतो, पण घरी पोहोचेपर्यंत वास मारतो. मातीची चवही लागते. (सातपूर)

जाळीत अडकवून कोमट पाण्यात दिवसभर ठेवलेला मासा मरून फुगतो, तिथेच वासाची सुरुवात. लागताच मारा, कल्ले आणि आतडी काढा, काळी आतली त्वचा खरवडा आणि बर्फात घाला. एक किलो माशाला एक किलो ठेचलेला बर्फ, पेटीच्या तळाला भोक, म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. आतडी धरणात टाकू नका, पिशवीत परत आणा.

मातीची चव शेवाळ आणि तळातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याची. ते चरबीत आणि काळसर मांसात साठतं. साल काढून अंगाच्या बाजूला मध्यरेषेवर असलेला काळा पट्टा कापून टाका. आंबटात जिओस्मिन मोडतं, म्हणून तुकडे अर्धा तास चिंचेच्या कोळात किंवा ताकात ठेवून धुवा आणि मग मसाला लावा. मीठ-हळदीने एवढा फरक पडत नाही.