घोड्याला परळला नेताय तर हे आधी वाचा

भाऊ, पोट दुखणाऱ्या घोड्याला नाशिकवरून कसारा घाट उतरून मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, न्यायचं ठरलंच असेल तर निघायच्या आधी एका कागदावर सगळं लिहून घ्या, पोट कधीपासून दुखतंय, लीद शेवटची कधी टाकली, पाणी प्यायला का, आणि मुख्य म्हणजे इथल्या डॉक्टरांनी कुठलं इंजेक्शन किती वाजता किती दिलं ते. वेदनेचं इंजेक्शन दिलं की घोडा शांत दिसतो, आतलं दुखणं तसंच असू शकतं, आणि हे तिथे माहीत नसेल तर पुन्हा तेच टोचलं जाऊ शकतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुगलं की आत साठलेलं बाहेर काढायला नाकातून नळी कधी घालणार हे लगेच विचारा, लाजू नका.

नाडी स्वतः बघायला शिका, जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून. मोठ्या घोड्याची आरामात असताना मिनिटाला 28 ते 44, साठच्या वर गेली आणि कमी होईना तर तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोरांपाशी थांबू नका, सरळ मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणायचं. नम्रपणे, पण जागचं हलायचं नाही. हिरड्या दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हव्यात, तेही सांगा.

आणि घोड्याजवळ रोजचा माणूस ठेवाच, त्याचं नेहमीचं वागणं त्यालाच माहीत असतं. खर्च आणि ऑपरेशनला कुठपर्यंत तयार आहात हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, रात्री दोनला तिथून घरी फोन लागेलच असं नाही.