वाचकांचे प्रश्न : नववीच्या वर्गाला संगणक शिकवताना

प्रश्न : आमच्या ग्रामीण शाळेत नववीचे ४० विद्यार्थी आणि ८ संगणक आहेत. आठवड्याला एकच तासिका मिळते. आधी काय शिकवावे? मराठी टंकलेखन कोणत्या पद्धतीने घ्यावे?

उत्तर : मुले मोबाइल सराईतपणे हाताळतात म्हणून त्यांना संगणकही येत असेल, असा आपला समज होतो, प्रत्यक्षात आपली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये गेली हे अनेकांना सांगता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या तासिका फाइलला नाव देणे, ती योग्य जागी साठवणे आणि पुन्हा शोधून काढणे यांसाठीच ठेवाव्यात. लिब्रेऑफिस (लेखन, तक्ते, सादरीकरण यांचा सॉफ्टवेअर-संच) विनामूल्य आहे. शाळेला ते पुरेसे आहे.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलकच घ्यावा. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असल्याने बोटांना वळण लागते, शिवाय मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच असलेल्या अक्षरसंकेतांत, उमटत असल्यामुळे जुन्या फॉन्टांप्रमाणे दुसऱ्या संगणकावर त्याची अगम्य चिन्हे होत नाहीत.

खरा वेळ मात्र कॅल्कला, म्हणजे लिब्रेऑफिसमधील आकडेमोडीच्या तक्त्यांना, द्यावा. गुणपत्रिका करताना मुले बेरीज वहीत करून उत्तर टंकतात (काही शिक्षकही तेच करतात!), तेव्हा तो केवळ आखलेला तक्ता राहतो. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारे सूत्र लिहून एका विषयाचे गुण बदलायला सांगावे. एकूण आपोआप बदलल्याचे पाहिले की सूत्राचे प्रयोजन त्यांना उमगते. निम्म्या वर्गाने हीच सूत्रे आधी वहीत लिहावीत, म्हणजे एका संगणकावर पाचांऐवजी दोघे-तिघेच बसतील.