कजाग कोण म्हणालं?

प्रिय,

तुझ्या कथेतली बाई मालकाच्या दारात जाऊन थकलेला पगार मागते, आवाज चढवते. तिच्यासाठी 'भांडखोर', 'कजाग', 'आडदांड' यांतला कुठला शब्द घेऊ, असं विचारतेस. शिवाय वर लिहितेस, तिन्ही समानार्थीच आहेत ना? नाहीत गं!

शब्द कोण कुणाला म्हणतं, ते आधी बघ. 'कजाग' सासूला लावतात, बायकोला लावतात, शेजारणीला लावतात. कजाग नवरा कधी ऐकलायस? तोच स्वभाव पुरुषाचा असला की तो 'तापट' होतो, फार तर 'तिरसट'. 'आडदांड' म्हटलं की आधी अंगपिंड दिसतं. असला पोरगा भांडेलच असं नाही, पण दार ओढलं तर कडी हातात येईल.

'भांडखोर' बाई, पुरुष, पोर सगळ्यांना चालतो. पण त्यातला 'खोर' फारसीतून आलाय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलखोर, नफेखोर ही त्याचीच भावंडं. म्हणजे खोड हवी. तुझी बाई तर जन्मात एकदाच भांडलीय! तिला भांडखोर कोण म्हणेल? मालक. मग शब्द त्याच्या तोंडी घाल. निवेदनात तूच तो वापरलास तर तू मालकाच्या ओसरीवर जाऊन बसलीस.

दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड (१९३२-३८) जरूर चाळ, मीही चाळतो. पण कोण कुणाला म्हणतं, ते कानांनीच कळतं. लोकांची भांडणं ऐकत जा, लाजू नकोस.

मलाही भांडखोर म्हणतात. एका संपादकाने माझ्या लेखातल्या नवऱ्याला 'स्पष्टवक्ता' आणि बायकोला 'कजाग' करून टाकलं, तेही न विचारता. दोघांची वाक्यं तीच, आवाज तोच! मी लेख परत घेतला. मैत्री तुटली, त्याची हळहळ अजून आहे. लेख परत घेतल्याची नाही. एका शब्दापायी एवढं? हो, एवढं. कोण कुणाला म्हणतं हे ज्याला बघायचंच नाही, त्याच्याशी दुसरं काय बोलणार? आणि मी विषय सोडून कधी भांडलो नाही. बरं, क्वचित.

तर ते विशेषण आधी खोड. बाईला बोलू दे. शेजारणी तिला मागून काय म्हणतात ते ठरव आणि कथा पुन्हा पाठव. पगार किती महिन्यांचा थकलाय, तेही तू अजून कुठे लिहिलेलं नाहीस.

तुझा,
सर