चार महिन्यांच्या लॅबला कच्चं मांस सुरू करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडचा फ्लॅट, चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, वजन १६ किलो, घरात दोन वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. दीर म्हणतात पाकिटातलं खाणं म्हणजे नुसता कचरा, कुत्रा मूळचा लांडगा, त्याला रोज वजनाच्या अडीच टक्के कच्चं मांस घाला. तर सुरू करू का?

तुमच्या घरात नको. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत तर नकोच नको.

मी काही कच्च्याचं नाव काढलं की अंगावर येणाऱ्यांतला नाही. आमच्याकडे एका डॉबरमनला बरीच वर्षं कच्चं घातलंय, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कुत्र्यांना शिजवून. केसांची चकाकी दोन्हीकडे सारखी, शी दोन्हीकडे कमी आणि घट्ट. लोक ज्याचं श्रेय कच्चेपणाला देतात ते बहुतेक वेळा खऱ्या मांसाचं आणि त्यातल्या चरबीचं असतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांनी ते पळून जात नाही. जंतू मात्र जातात.

लांडग्याचा मुद्दा आधी संपवू. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांचे जनुक ताडून पाहिले. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाजवळ राहून त्याचं पोट बदललंय. आपल्याकडे शेतावर राखण करणारी कुत्री भाकरीच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलीच की. भात घातला म्हणून कुत्र्याच्या पोटावर अन्याय होत नाही.

आता अडीच टक्क्यांचं गणित. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून ज्या ‘बार्फ’ म्हणजे कच्चं मांस आणि हाडांच्या आहाराचा प्रसार केला, त्यावर पुढे जी ठोकताळ्यांची भर पडली त्यातला हा एक. वजनाच्या दोन ते तीन टक्के हा आकडा वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचा आहे. तुमच्या १६ किलोच्या पिल्लाला तो लावला तर ४०० ग्रॅम होतात. बिनकातडीच्या चिकनच्या ४०० ग्रॅममधून जेमतेम ५०० कॅलरी मिळतील आणि या वयाच्या, या वजनाच्या पिल्लाला दिवसाला ११०० च्या आसपास लागतात. म्हणजे निम्मी उपासमार.

त्याहून वाईट गोष्ट कॅल्शियमची. या पिल्लाला दिवसाला तीन ग्रॅमच्या वर कॅल्शियम हवं. अर्धा किलो बोनलेस चिकनमध्ये शंभर मिलिग्रॅमसुद्धा नसतं, उलट फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. पिल्लू दिसायला छान गुटगुटीत असतं आणि आतून हाडं पातळ होत जातात. मग पुढचे पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला असं होतं. यावर शेजारीपाजारी हमखास सांगतील की कॅल्शियमचं सिरप चालू करा. तेही परस्पर करू नका. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि सांधे, हाडं बिघडतात. कमी नको, जास्त नको, अशी ही अरुंद वाट आहे. घरच्या घरी अंदाजपंचे ती गाठणं मला तरी जमेल असं वाटत नाही.

दुसरा प्रश्न मांस येतं कुठून. तुमच्या आमच्या कोपऱ्यावरचं चिकनचं दुकान डोळ्यांसमोर आणा. कोंबडी कापली, ड्रममध्ये टाकली, कातडी सोलली, त्याच लाकडी ओंडक्यावर त्याच सुऱ्याने पोट फाडून आतडी काढली, बोटाने फरशीवर सारली आणि तिथेच तुकडे केले. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतात, ते मांसावर येतात ते असे. आपण ते चिकन घरी आणून रटारटा शिजवतो म्हणून कधी विचार करत नाही. ‘माझ्यासमोर कापलं, ताजं आहे’ याचा जंतूंशी काही संबंध नाही. आणि एक पदरचा सल्ला, शिजवून घालणार असाल तरी लागू: दुकानात ‘कुत्र्यासाठी पाहिजे’ असं म्हणू नका. म्हटलंत की हात लगेच खालच्या बादलीकडे जातो. सकाळपासून साठलेली कातडी, पाय, मानेचे तुकडे, वर घोंगावणाऱ्या माश्या. घरी खायला हवंय असंच सांगा.

मटणवाल्याकडून स्वस्तात मिळणारी कलेजी आणि फुप्पुसं याहून धोक्याची, आणि याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. बकरी, मेंढी, म्हैस यांच्या फुप्पुसांत आणि काळजात कधीकधी पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात. दुकानदार तेवढा भाग कापून बाहेरच्या कुत्र्यांपुढे भिरकावतो. ते हायडॅटिडचे फोड. कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी होतात. कुत्र्याला काही होत नाही, तो ठणठणीत. पण शीतून अंडी पडतात, केसांना चिकटतात, आणि कुत्र्याला मिठी मारून तेच हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात आणि फुप्पुसात त्याच्या गाठी वर्षानुवर्षं वाढत राहतात. तुमच्या घरातली दोन वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहितोय. जंताचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. नुसत्या गोलकृमींवरच्या औषधाने फीतकृमी मरत नाहीत.

‘डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की सगळं मरतं’ हे दिरांचं पुढचं वाक्य असेल. काही परजीवी मरतात, तेही पुरेशी थंडी पुरेसे दिवस मिळाली तर. जंतू नुसते झोपतात. मांस बाहेर काढल्यावर, त्यातून मे महिन्यात, पुन्हा जागे. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हा संशय खाण्यातल्या मांसावरच होता. मेलबर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये कच्चं चिकन आणि कुत्र्यांच्या मागच्या पायांपासून सुरू होणारा एक पक्षाघात यांचा संबंध दाखवलाय. तो विरळा आहे, पण आहे. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशनही कच्चं घालू नका असंच सांगते.

मग आता काय घालायचं? वर्षाचं होईपर्यंत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पाकीट. पाकिटाच्या मागे मोठ्या जातीच्या पिल्लांच्या वाढीसाठी संपूर्ण आहार असा उल्लेख आहे का ते बघा, पुढच्या बाजूच्या फोटोतल्या रसरशीत तुकड्यांवर जाऊ नका. त्यावर उकडलेलं अंडं, थोडं शिजवलेलं चिकन, लाल भोपळा खुशाल घाला, दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, बेदाणे अजिबात नाहीत. रश्श्यातली उरलेली हाडंही नाहीत, शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. नळीचं कच्चं हाडही नको, त्यावर दाढेचा कपचा उडतो.

वर्षानंतर घरचं शिजवून घालायचं असेल तर तीस किलोच्या लॅबला साधारण ४०० ग्रॅम लेगचं बोनलेस चिकन, दीडशे ग्रॅम तांदूळ, भोपळा-गाजर, चमचाभर तेल. मीठ-मसाला काही नाही. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि त्यातली अर्धा ते पाऊण छोटा चमचा पूड रोज घाला. कलेजी आठवड्यातून एकदोनदा, दोन-चार तुकडे, त्याहून जास्त दिलीत तर अ जीवनसत्त्व साचतं. आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारली, काटे काढून. तरी झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं कमी पडतातच, त्याची पावडर डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या. लॅब सतत उपाशी असल्यासारखा बघेल. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत भूक भागल्याचं कळवणारं जनुकच अर्धवट असतं, त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, तराजूकडे बघून वाढा.

दिरांचा स्वतःचा कुत्रा मोठा आहे, घरात लहान मूल नाही आणि ते कच्चंच घालणार असतील तर तो त्यांचा निर्णय. फक्त भांडं स्टीलचं आणि वेगळं ठेवा, वीस मिनिटांत उरलेलं उचला, ओटा-फरशी साबणाने धुवा, बकरीचं काळीज-फुप्पुस आणि डुकराचं मांस कच्चं देऊ नका, एवढं त्यांना सांगा. आणि ते तुमच्याकडे राहायला आले तर त्यांच्या कुत्र्याला तुमच्या मुलीचं तोंड चाटू देऊ नका.

पिल्लाला आधीच दोन-चार दिवस कच्चं घातलं असेल तर घाबरू नका, पण पातळ शी, रक्त किंवा लंगडणं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि काय खायला घातलं ते खरं सांगा. पाकिटावर परत आणताना आठवडाभर थोडं थोडं प्रमाण वाढवत न्या.