सरासरी काढू नकोस

प्रिय,

कोर्टाने पाठवलेल्या मनोरुग्णांच्या बंदिस्त वॉर्डचं वातावरण कसं आहे, या पाहणीचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण रुग्णांचे आणि स्टाफचे गुण एकत्र करून वॉर्डला जो एकच आकडा दिलास, तो आधी काढून टाक.

'एसेनसेस' ही प्रश्नावली योग्य निवडलीस. वॉर्डचं वातावरण मोजणारी रुडॉल्फ मूस यांची जुनी प्रश्नावली, वॉर्ड अ‍ॅटमॉस्फिअर स्केल, 100 विधानांची. औषधांनी सुस्तावलेल्या माणसाकडून ती भरून घेणं अवघडच. नॉर्बर्ट शालास्ट आणि सहकाऱ्यांच्या 'एसेनसेस'मध्ये 17 विधानं, गुणांत धरायची 15. रुग्णांचा एकमेकांना आधार, सुरक्षित वाटणं आणि स्टाफकडून मिळणारा उपचाराचा आधार, प्रत्येकी पाच.

आता विधानांच्या तिसऱ्या गटाकडे, म्हणजे स्टाफच्या आधाराकडे पाहा. स्टाफ इथे स्वतःला भरभरून गुण देतो, रुग्ण हात आखडता घेतात. असं बऱ्याच वॉर्डांत आढळतं, आणि दोघंही खरंच सांगत असतात. सिस्टरच्या लेखी दिवसभर रुग्णांचंच काम चाललेलं असतं: नोंदी, औषधं, कोर्टासाठीचे अहवाल. रुग्णाला मात्र काचेपलीकडे लिहीत बसलेली सिस्टर दिसते. तो काचेवर टकटक करतो, ती मान वर न करता बोट दाखवते: थांब. तिचा तो अर्धा मिनिट असतो. त्याला तर आपण इथून कधी सुटणार हेही माहीत नसतं, त्यामुळे ते बोट त्याच्या लक्षात राहतं.

सुरक्षिततेचं चित्र कधी कधी उलटं निघतं: रुग्ण निर्धास्त, स्टाफ धास्तावलेला. त्यावर 'स्टाफ घाबरट आहे' असं लिहू नकोस. ज्याने प्रत्येकाची फाइल वाचली आहे, त्याला वॉर्ड वेगळाच दिसणार. मारामारी झाली तर मध्ये पडायचंही त्यालाच आहे.

एक गोष्ट मला मनापासून खटकली. रुग्णांचे फॉर्म ड्यूटीवरच्या स्टाफने भरून घेतले, असं तू सहज लिहून गेलास. ज्यांच्या शेऱ्यावर आपली सुटका अवलंबून आहे, त्यांच्यासमोर 'इथले लोक माझी काळजी घेत नाहीत' असं कोण लिहील? ते फॉर्म बाजूला ठेव. वॉर्डशी संबंध नसलेल्या माणसाकडून, नाव न विचारता पुन्हा भरून घे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विधानं वाचून दाखवायची, पण समजावून सांगण्याच्या नादात उत्तर सुचवायचं नाही.

दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी मांड आणि वॉर्डच्या बैठकीत रुग्णांसमोरही ठेव. त्या दिवशी कोण काय म्हणालं ते मला सविस्तर कळव.