द्राक्षबागेच्या स्लाइड आणि पडद्यावरील हालचाल

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदारांना एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीपासून खुड्यापर्यंतच्या, म्हणजे घड काढणीपर्यंतच्या कामांविषयी स्लाइडच्या साहाय्याने मार्गदर्शन करतो. माझे ३५ स्लाइडचे सादरीकरण तीन हंगामांत थोडे थोडे वाढत गेले आणि काही स्लाइड सहकाऱ्यांकडून घेतल्या. त्यामुळे कुठे मजकूर उसळत येतो, कुठे गिरकी घेत, तर कुठे बाजूने धावत. पिंपळगाव बसवंतच्या बैठकीत एका बागायतदाराने विचारले, "गिरकी घेऊन आलेला आकडा जास्त महत्त्वाचा समजायचा का?" मला उत्तर देता आले नाही. सगळीकडे एकच इफेक्ट ठेवावा का?
– एक कृषी सल्लागार, निफाड

उत्तर : त्या बागायतदाराचा प्रश्न अगदी रास्त होता. पडद्यावर काही हलले की डोळा तिकडे जातो आणि प्रेक्षक त्या हालचालीला आपोआप अर्थ लावतो; तो अर्थ तुम्ही ठरवला नसेल, तर तो स्वतः ठरवतो. म्हणून सगळीकडे एकच इफेक्ट हवा असे नाही, तर एका अर्थासाठी एकच इफेक्ट हवा.

तुमच्या विषयात असे अर्थ मला तीनच दिसतात. नवा मुद्दा येतो, तेव्हा अर्ध्या सेकंदात हळूहळू उमटणारा साधा 'फेड' पुरेसा आहे. काळ पुढे सरकतो, म्हणजे ऑक्टोबरमधील गोडी छाटणी (फळछाटणी), पोंगा (कोंब फुटण्याची अवस्था), फुलोरा, मण्यांत पाणी उतरणे या अवस्थांचा पट्टा उलगडतो, तेव्हा डावीकडून उजवीकडे जाणारा 'वाइप' वापरावा. पॉवरपॉइंटमध्ये हा इफेक्ट मुळात खालून वर येतो, त्यामुळे 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये जाऊन दिशा बदलावी लागेल. तिसरा अर्थ इशाऱ्याचा. वेलीच्या काडीवरील डोळे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावताना हातमोजे घालण्याची सूचना असेल, तर केवळ तिथेच अक्षरांचा रंग बदलणारा इफेक्ट द्यावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही मजकुराला देऊ नये. उसळी आणि गिरकी यांना तुमच्या विषयात काहीच काम नाही. त्या काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे करायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक स्लाइडवर कंट्रोल आणि ए दाबून सर्व घटक निवडावेत आणि ॲनिमेशनच्या यादीतील 'नन'वर क्लिक करावे, म्हणजे जुने इफेक्ट जातील. मग एका स्लाइडवर हवा तो इफेक्ट, त्याचा कालावधी आणि सुरुवात नीट ठरवून तो घटक निवडावा आणि 'ॲनिमेशन पेंटर'वर दोनदा क्लिक करावे. ही सोय पॉवरपॉइंट २०१० पासून आहे. त्यानंतर ज्या ज्या घटकावर क्लिक कराल, त्याला तोच इफेक्ट त्याच कालावधीसह लागतो. काम झाले की एस्केप दाबावे. नव्याने लावलेला इफेक्ट त्या स्लाइडच्या क्रमात शेवटी जातो, म्हणून इफेक्टची यादी दाखवणारी 'ॲनिमेशन पेन' ही चौकट उघडून क्रम तपासणे मात्र विसरू नये. एक स्लाइड जाऊन दुसरी येतानाच्या 'ट्रान्झिशन'साठी एकच प्रकार निवडून 'अप्लाय टू ऑल' करावे.

सुरुवात 'ऑन क्लिक' ठेवावी. बागायतदार मध्येच आपल्या प्लॉटविषयी विचारतात आणि त्यांना उत्तर देत असताना पुढचा मुद्दा पडद्यावर आपणहून उमटणे बरे नाही.

बैठकीनंतर अनेक जण व्हॉट्सॲपवर पीडीएफ मागतात, त्याचाही विचार आताच करावा. पीडीएफमध्ये इफेक्ट राहत नाहीत. स्लाइडवरील सर्व घटक एकाच वेळी दिसतात. छाटणीपूर्वीच्या वेलीचे छायाचित्र नाहीसे होऊन त्याच जागी छाटणीनंतरचे येईल अशी रचना केली असेल, तर पीडीएफमध्ये वरचे छायाचित्र खालच्याला झाकून टाकते आणि नेमकी तुलनाच हरवते. अशी दोन छायाचित्रे लागोपाठच्या दोन स्लाइडवर, एकाच आकारात आणि एकाच जागी ठेवावीत.