पत्ता देण्याआधी

ठाणे,
रविवार सकाळ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

खासगी गुप्तहेरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व मंजूर झाल्याचा तुझा मेसेज शुक्रवारी रात्री आला आणि शनिवारी दुपारी तुझ्या लेटरहेडवर संघटनेचं बोधचिन्ह झळकलंसुद्धा. खाली ओळ, 'जगभरात तपास'. वाचून हसू आलं. मीही हेच केलं होतं. माझ्या वेळी ब्लॉक बनवून छापून घ्यावं लागे, म्हणून पंधरा दिवस लागले, एवढाच फरक. ती ओळ काढ. बोधचिन्ह राहू दे, पण खाली, सहीशेजारी, लहान.

जगभरात तपास आपण करत नाही. ठाणे-मुंबई-नाशिक या पट्ट्यात करतो, आणि तोही कुठल्या अधिकाराने, ते तुला ठाऊक आहे. आपल्या धंद्यातल्या प्रत्येक भाषणात बहिर्जी नाईकांचं नाव निघतं. पण त्यांच्यामागे राज्य होतं, आपल्यामागे गुमास्ता आहे, म्हणजे दुकानाची नोंदणी. खासगी गुप्तहेर संस्थांचं विधेयक 2007 साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही. 2005 चा जो कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा. तेव्हा बाहेरचा सहकारी 'लायसन्स नंबर?' म्हणून विचारेल तेव्हा सरळ लिही की भारतात आमच्या कामाला असा परवाना नाही. ही दुकानाची नोंदणी, हा जीएसटी, हा पॅन. मी पहिल्यांदा लाजेपोटी गुमास्त्याचाच नंबर लायसन्स म्हणून ठोकून दिला होता. पलीकडच्या डच गृहस्थाने दोन दिवसांनी अगदी सभ्यपणे विचारलं, हे कोणत्या मंत्रालयाने दिलं? पुढे वर्षभर त्याच्याकडून काम आलं नाही. बरोबरच होतं त्याचं.

अशा संघटना जन्मल्या त्याच या अडचणीतून. ब्रिटिश तपासनिसांची संघटना 1913 ची. देशोदेशींच्या तपासनिसांची वर्ल्ड असोसिएशन ऑफ डिटेक्टिव्ह्ज आपलं मूळ 1925 सालापर्यंत नेते, कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल इन्व्हेस्टिगेटर्स 1955 ची. पैसे बुडवून पळालेला माणूस सरहद्द सहज ओलांडतो. आपण ओलांडली तर तिथे आपण नुसते पर्यटक. तिथला माणूस लागतो, आणि त्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नसतो. त्याच्या कामाला आपलं नाव लागणार असतं, आपल्या कामाला त्याचं.

आता बातमीपत्र येऊ लागेल. नवे सभासद ते पहिल्या पानापासून वाचतात: अध्यक्षांचा फोटो, परिषदेचं हॉटेल, कुणाला कसलं मानचिन्ह. तू शेवटून वाच. शेवटच्या पानावर बारीक टायपात नव्या अर्जदारांची नावं असतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. त्याखाली कमी झालेल्या सभासदांची. कारण छापत नाहीत. वर्गणी थकली असेल, तक्रार झाली असेल, कंटाळाही आला असेल. तिथे ओळखीचं नाव दिसलं तर त्या देशातल्या दुसऱ्या सभासदाला फोन कर. मी एकदा तो रकाना न वाचता एकाला अर्धा ॲडव्हान्स पाठवला होता. क्लायंटचे पैसे मग मी पदरचे भरले.

आणि निधनवार्ता. त्या वाचच. म्हाताऱ्यांचा सोस म्हणू नकोस. जोहान्सबर्गचे एक वृद्ध सभासद गेले तेव्हा तीन वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकच आठवण लिहिली होती: काम जमणार नसेल तर ते त्याच दिवशी 'नाही' कळवायचे. कोणत्या केसेस सोडवल्या, एकानेही लिहिलं नव्हतं. मी त्यांना कधी भेटले नाही, पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावर 'बघते, कळवते' असं लटकत राहिलेलं पत्र राहिलं नाही.

मधली पानं कायद्याची. ती कंटाळवाणी असतात आणि तीच सगळ्यांत महागाची. तू परवा विचारलंस ना, जर्मनीत त्या माणसाच्या गाडीला जीपीएस लावून घेऊ का? 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असं ट्रॅकर लावणाऱ्या खासगी गुप्तहेरांना दोषी ठरवणं मुख्यतः कायम केलं. तू मागणी लिहून पाठवलीस की तो पुरावा होतो, तुझ्याविरुद्धही. शांघायमध्ये 2014 साली एका ब्रिटिश तपासनिसाला आणि त्याच्या बायकोला लोकांची खासगी माहिती बेकायदा मिळवल्याबद्दल कैद झाली. स्पेनमध्ये 2014 च्या कायद्याप्रमाणे गुप्तहेराने काम घेण्याआधी क्लायंटने आपला रास्त हितसंबंध दाखवावा लागतो. म्हणजे नुसतं 'मला कळायला हवं' चालत नाही. कशासाठी, ते दाखवा.

जपानचं मात्र नीट समजून घे, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. तिथे बुराकुमिन म्हणून समाज आहे. जुन्या व्यवस्थेत मेलेली जनावरं, कातडं अशी कामं ज्यांच्या माथी मारली गेली आणि मग त्याच कामांवरून ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं, त्यांचे वंशज. चेहऱ्यावरून, भाषेवरून ते ओळखू येत नाहीत. ओळखू येतं ते मूळ गावावरून. त्यांच्या वस्त्यांच्या गुप्त याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे 1975 साली उघडकीला आलं. नोकरीला घेताना, लग्न जुळवताना मूळ गाव शोधून देण्याचं काम कोण करत होतं? आपलेच जातभाई. आता तिथे 2007 पासून लागू झालेल्या गुप्तहेर कायद्यानुसार क्लायंटकडून लेखी घ्यावं लागतं की ही माहिती गुन्ह्यासाठी किंवा बेकायदा भेदभावासाठी वापरणार नाही.

वाचून काही आठवलं? 'मॅडम, मुलगा चांगला आहे, टोरांटोत घर आहे, फक्त आडनावावरून कळत नाही, मूळचे नक्की कुठले ते बघा.' दर सीझनला दोन-चार तरी येतात. आपल्याकडे तसं लेखी घेण्याची सक्ती नाही. मी घेते. मुलाचं आधीचं लग्न, नोकरी, कर्ज, कोर्टकचेरी यांची चौकशी करीन, जातीची नाही, असं फॉर्मवरच छापलंय. दोघांपैकी एक उठून जातो. जाऊ दे.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी तर प्रत्येक नव्या मुलाला मी सांगते. तुला ऑफिसात अर्ध्याच सांगितल्या होत्या, फोन आला म्हणून राहून गेलं. 1989 साली रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला एका पिसाटाने लॉस एंजलिसमध्ये तिच्या दारात गोळी घातली. पत्ता त्याला एका एजन्सीने 250 डॉलरला काढून दिला होता, वाहन नोंदणीच्या सरकारी दफ्तरातून. तेव्हा ते बेकायदाही नव्हतं. बंद करणारा कायदा 1994 साली आला. दुसरी गोष्ट 1999 ची, न्यू हॅम्पशायरची. एका मुलाने इंटरनेटवरून एका एजन्सीकडे एका मुलीच्या नोकरीचा पत्ता मागितला. एजन्सी फ्लोरिडातली. तिने काम पुढे दुसऱ्या बाईकडे दिलं. त्या बाईने मुलीला खोटं नाव सांगून फोन केला आणि कुठे काम करते ते काढून घेतलं. फी 109 डॉलर. तो मुलगा तिच्या ऑफिसबाहेर थांबला, तिला ठार मारलं, स्वतःचाही जीव घेतला. 2003 साली न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिऱ्हाइताची माहिती क्लायंटच्या हातात देताना वाजवी काळजी घेणं हे तपासनिसाचं कर्तव्य आहे.

या दुसऱ्या गोष्टीत मला नेहमी ती मधली फोन करणारी बाई दिसते. तिने क्लायंट पाहिला नव्हता. तिला एक नाव आलं होतं, एक काम आलं होतं. आपल्याला बाहेरून येणारी निम्मी कामं अशीच येतात.

माझी स्वतःची गोष्ट ऐक. तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नाही. बरीच वर्षं झाली. एक गृहस्थ आले, डोळ्यांत पाणी. धाकटी बहीण लग्न मोडल्यावर इंग्लंडला गेली, पाच वर्षं पत्ता नाही, आणि आई आता शेवटची घटका मोजतेय. मी विरघळले. लेस्टरमधल्या एका सभासदाला त्याच दिवशी काम दिलं. चौथ्या दिवशी त्याचं उत्तर: सापडली, सुखरूप आहे, तुमच्या क्लायंटचा फोन नंबर तिला दिलाय, पत्ता देऊ नका असं तिने सांगितलंय, म्हणून देत नाही. मी भडकले. पैसे मी दिलेत, क्लायंट माझा, तू कोण ठरवणारा? संघटनेकडे तक्रार करीन इथपर्यंत लिहिलं. त्याने एवढंच लिहिलं की सज्ञान माणसाला आम्ही आधी विचारतो, आणि पत्ता न दिल्याबद्दल फी कमी करतो.

संध्याकाळी गृहस्थ आले. मी म्हटलं, बहीण सापडली, खुशाल आहे. कशी आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, 'कुठल्या गावात?'

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चाळीत गेले, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. म्हातारी गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. माझ्याशी चांगलं तासभर बोलली. मुलगी का गेली ते तिनेच सांगितलं, आवाज खाली आणून. ते इथे लिहीत नाही.

लेस्टरच्या माणसाला मी माफीचं पत्र लिहिलं आणि त्याची पूर्ण फी पाठवली. त्यानंतर आमची वीस वर्षं कामाची देवाणघेवाण चालली. संघटनेने मला काय दिलं म्हणून कुणी विचारलं तर मी त्या माणसाचं 'देत नाही' दाखवते. डिरेक्टरीतले शेकडो पत्ते नंतर.

2018 साली ठाणे पोलिसांनी सीडीआर, म्हणजे कॉल रेकॉर्डच्या, प्रकरणात एकामागून एक खासगी गुप्तहेर उचलले, तेव्हा तू कॉलेजात असशील. त्या आठवड्यात आपल्या लाइनीतले कितीतरी फोन बंद होते. लोकांचे कॉल रेकॉर्ड काढून विकणं गुन्हा आहे, हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळे करतात, क्लायंट मागतो, दर ठरलेला आहे, एवढ्यावर चाललं होतं. कुणी कुणाला विचारत नव्हतं. बाहेरच्या सभासदांकडून तेव्हा मला चार मेल आले. दोन चौकशीचे, एक काळजीचा, आणि एकाने स्पष्ट विचारलं की मी पाठवलेल्या मागच्या केसमध्ये तू असं काही वापरलंस का? राग आला. पण जुनी फाइल उघडून, प्रत्येक नोंद कुठून आली ते लिहून पाठवलं. लिहिता आलं म्हणून त्या रात्री झोप लागली.

पैशाचं थोडक्यात. चलन, तास, प्रवास, कर, सगळं काम सुरू होण्याआधी मेलवर. सहकाऱ्याचं बिल क्लायंटने दिलं नाही तरी तू द्यायचं. त्याचा क्लायंट परस्पर तुझ्याकडे आला तर आधी त्याला कळवायचं. आणि बाहेरून व्हिडिओ किंवा फोटो मागवणार असशील तर इथल्या कोर्टात लावायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा), हे काम देतानाच सांग. सहा महिन्यांनी मागितलंस तर मूळ कार्ड पुसलेलं असतं आणि माणूस सुट्टीवर.

परिषदेला यंदा गेली नाहीस तरी चालेल. विमानाचं तिकीट पहिल्या वर्षाच्या कमाईतून काढू नकोस. जाशील तेव्हा भाषणं ऐक, पण जेवणाला आपल्या देशाच्या टेबलावर बसू नकोस. आपण सगळे एकत्र बसतो, लोणच्याची बाटली फिरवतो आणि मुंबईतल्याच भानगडी बोलून परत येतो. माझं पहिल्या वर्षी इंग्रजी कच्चं होतं. मी एका फिनिश बाईंच्या शेजारी बसले. त्यांचंही कच्चंच होतं. दोघींनी मिळून तीन दिवसांत फार तर शंभर वाक्यं बोलली असतील. आजही हेलसिंकीत काही लागलं तर मी डिरेक्टरी उघडत नाही.

आता कामाचं. काल लिस्बनहून एका सभासद बाईंची मेल आली आहे, तुला पुढे पाठवली. मडगावजवळच्या एका जुन्या घराचे वारस शोधायचेत. गोव्यात असली कामं निघतात. एक भाऊ इथे, दुसरा पोर्तुगालला, तिसऱ्याची मुलं कुठे ते कुणालाच माहीत नाही. बाई जुन्या सभासद आहेत, माझ्या ओळखीच्या आहेत, फी चांगली आहे. पण वारसांचे पत्ते नक्की कुणाला हवेत, दुसऱ्या वारसाला, वकिलाला की घर घेऊ पाहणाऱ्या बिल्डरला, ते मेलमध्ये कुठेच नाही. उत्तराचा मसुदा तू कर आणि संध्याकाळपर्यंत मला दाखव. गाडीचं तिकीट त्यांचं उत्तर आल्यावर काढू.

तुझी,
मॅडम